सदसद्विवेकबुद्धि आणि सरकारी सक्ति

लोकांचें आरोग्य राखणें हें सरकारचें कर्तव्य खरें. परंतु त्यासाठीं सदसद्विवेकबुद्धीवर सक्ति करावी काय? पूर्वीं पंढरीच्या वारकऱ्यांस पटकीची लस टोचून घ्यावी लागे. साथ इतरांस लागूं नये, हा त्यांतील हेतु होता. ती सक्ति आम्हांस न्याय्य वाटते. परंतु १९७६ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचें विधेयक संमत केलें. कॅथॉलिक धर्मास नसबंदी अमान्य. १९६८ सालीं पोप सहावे पॉल यांनीं तसें स्पष्ट सांगितलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें कायदा झाला नाहीं, हें बरें झालें. घटनेच्या २५ व्या कलमांतील धर्मस्वातंत्र्य आरोग्याच्या अधीन आहे. पण जेथें शेजाऱ्यास रोगाचें भय नाहीं, तेथें सरकारनें उपदेश करावा, सक्ति करूं नये. विद्यार्थिमित्रांनो, हाच न्याय आपण इतर धर्मीयांसहि द्यावा.