न दिसणारा साप आणि हातचा वेळ



भोकरदन-जाफराबादच्या वरच्या अंगाला अजिंठ्याचे डोंगर लागतात. तिकडे गुरे राखणाऱ्याला, सरपण आणणाऱ्या बाईला विचारा, साप दिसतो का? उत्तर येईल, दिसला म्हणेपर्यंत गेला. आपल्या पावलांचे हादरे त्याला जमिनीतून कळतात आणि तो आधीच वाट सोडतो. डूख धरणे, बदला घेणे या सिनेमातल्या गोष्टी.

तरीही २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, कष्टकरी माणसे.

आपल्याकडे नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चार मुख्य विषारी साप. नाग फणा काढतो, घोणस कुकरसारखी फुसफुसते, फुरसे अंग घासून करकर आवाज करते. मण्यार मात्र काहीच सांगत नाही. ती रात्री फिरते. घरात कापूस भरलेला, भिंतीला पऱ्हाटीचा ढीग. तिथे उंदीर येतात, उंदरामागे साप. जमिनीवर निजलेल्या माणसाला ती चावते, तेव्हा बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, घोट गिळवत नाही. घरचे समजतात, अपचन झाले. तिथेच वेळ जातो.

दुसरा वेळ जातो मांत्रिकाकडे. तो म्हणतो, माझ्या मंत्राने कितीतरी उठले. उठणारच! धामण, दिवड, तस्कर यांना विषच नसते. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. खरे विष अंगात गेले, तर मंत्र काय करणार? दंश झालेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. चावलेल्याला धीर द्या, चालवू नका. बांगड्या, जोडवी, अंगठी काढा. हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवा. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. साप मारण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. झोपेतून उठल्यावर पापण्या उघडत नसतील, तर खूण शोधत बसू नका, सरळ निघा.

आणि आजच घरात एक काम करा. खाट असेल तर लेकरे-म्हातारे खाटेवर निजवा. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. साप आपल्याला टाळतोच. आपणही थोडे त्याला टाळू या.