पिल्लू घरी आणण्याआधी

थंडीची चाहूल लागली की भिवंडीच्या गल्लीबोळांत आणि गोदामांच्या आडोशाला कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. मुले हट्ट धरतात, एखादे पिल्लू घरात येते. विकत घेण्यापेक्षा असे पिल्लू दत्तक घेणे केव्हाही चांगले. देशी कुत्र्याला इथली हवाही मानवते. प्रश्न आहे तो आपल्या घराची तयारी आहे का, हा.

पहिला हिशेब वर्षांचा. कुत्रा साधारण १० ते १३ वर्षे जगतो. आज आठवीत असलेला मुलगा तोवर नोकरीला लागलेला असेल. मधल्या काळात भाड्याचे घर बदलेल, नवा घरमालक नकार देईल. कुत्र्याचे खाणेपिणे आणि साफसफाई बहुधा आईच्याच अंगावर पडते. म्हणून पहिला होकार तिचा हवा.

दुसरा हिशेब वेळेचा आणि जागेचा. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते. घरातली मोठी माणसे बारा-बारा तासांच्या पाळीला जात असतील, तर ते कोण देणार? माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. यंत्रमागाचा खडखडाट आपल्या अंगवळणी पडला असला, तरी त्याला तो सोसेलच असे नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड ठेवते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बांधून ठेवलेले कुत्रे जिवालाही मुकू शकते.

तिसरा हिशेब आरोग्याचा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते, पण वेळेवर लस घेतली तर हा आजार टळतो. पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे नियमित डोस द्यावे लागतात. नुकत्याच आणलेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागले, तर ‘घरचेच आहे’ म्हणून हळद-चुन्यावर भागवू नये. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पावसाळ्यात कामवारीचे पाणी सखल वस्त्यांत शिरते. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस माणसाला होतो, तसा कुत्र्यालाही होतो. त्याची लस आणि नसबंदी यांचा खर्चही आधीच धरावा.

हे हिशेब चुकले की कुत्रे हमरस्त्यावर सोडून दिले जाते. घरात वाढलेल्या जनावराला रस्त्यावर जगता येत नाही. ते उपाशी राहते, घाबरते आणि घाबरले की चावते. जनावराला असे उपासमारीच्या तोंडी सोडून देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

म्हणून यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पिल्लू आणू नये. कुत्र्याची माया करायला ते घरातच हवे असे नाही. चाळीतल्या चार कुटुंबांनी मिळून गल्लीतल्या एका कुत्र्याचे अन्नपाणी सांभाळावे आणि त्याच्या नसबंदी-लसीकरणासाठी महापालिकेचा पाठपुरावा करावा. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ते काम स्थानिक संस्थांवरच सोपवले आहे. मुलांचा हट्ट तेवढ्याने पुरा होणार नाही, पण आणखी एक कुत्रे रस्त्यावर टाकले जाणार नाही.