माल्टीपूचा धंदा करायचाय? आधी माझ्या काउंटरमागे येऊन बसा



गेल्या बॅचला एक मुलगा आला होता. तेवीस वर्षांचा, आपल्या नाशिकच्या सिडकोतलाच. क्लास संपला, सगळे चहाला गेले आणि हा मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभा. "ताई, प्लॅन रेडी आहे. फक्त एकदा नजर टाका."

एक्सेल शीट होती. दोन माद्या, एक नर, सगळे माल्टीपू. वर्षाला बारा पिल्लं, एकेक पिल्लू चाळीस हजारांना. एकूण ४ लाख ८० हजार. भांडवल १ लाख ६० हजार, म्हणजे तीन कुत्री १ लाख ४० हजारांची आणि पिंजरे वगैरे २० हजार. पैसे कुठून आणणार, असं विचारलं तर हळूच म्हणाला, "आईचं सोनं ठेवायचं ठरलंय."

माझं दुकान पेट शॉपचं आहे, हे नेहमीच्या लोकांना माहीत आहे. नवीन आलेल्यांसाठी सांगते. बीबीए झाल्यावर दोन वर्षं नोकरी केली, मग २०१७ला पाथर्डी फाट्याजवळ दहा बाय बाराचा गाळा घेतला. खाद्य, पट्टे, शाम्पू विकले, पुढे ग्रूमिंग सुरू केलं. त्यामुळे या एका विषयावर मी पुस्तकातलं बोलत नाही. आणि माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. नवीन माणसाने, घरगुती भांडवलावर, डिझायनर पिल्लांच्या ब्रीडिंगमध्ये उतरू नये. त्या पिल्लांच्या अवतीभवती मात्र चांगला धंदा आहे.

माल्टीपू म्हणजे काय, ते थोडक्यात. माल्टीज आणि पूडल यांचा संकर. कापसाच्या पुंजक्यासारखं पिल्लू, बटणासारखे डोळे, रील्सवर तर धुमाकूळ. अशा ठरवून केलेल्या संकरांची लाट ऑस्ट्रेलियातून आली असं म्हणायला हरकत नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या गाइड डॉग संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्रेडॉर आणि पूडलचा संकर केला. एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. हेतू चांगला होता. पण 'लॅब्रडूडल' हे नाव लोकांनी असं उचललं, की मागणी बघून वाटेल त्यांनी वाटेल ते संकर सुरू केले. पुढे खुद्द कॉनरननीच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

आपल्याकडेही हे नवीन नाही. १९९४ला 'हम आपके हैं कौन' आला आणि घराघरात टफीसारखा पांढरा स्पिट्झ हवा झाला. २००३च्या आसपास हच कंपनीची जाहिरात आली, मग पग. श्वास घेताना घरघर करणाऱ्या त्या बिचाऱ्या जातीला नाशिकच्या मे महिन्यात काय होतं, ते मी बघितलंय. आता माल्टीपूची पाळी.

तर त्या मुलाची शीट. मी त्याला बसवलं आणि एकेक ओळ घेतली.

पहिली ओळ, पहिल्याच वर्षी बारा पिल्लं. तो माद्या आणणार दोन महिन्यांच्या. २०१७च्या डॉग ब्रीडिंग ॲण्ड मार्केटिंग नियमांप्रमाणे मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत. म्हणजे सोळा महिने नुसतं सांभाळायचं. मग साधारण ६३ दिवसांचा गाभण काळ. पिल्लं झाली की आठ आठवडे विकता येत नाहीत, तेही नियमातच आहे. म्हणजे पहिला रुपया हातात यायला वीस महिने. तोपर्यंत तीन कुत्र्यांचं खाणं, लसी, जंताचं औषध, गोचिडांचं औषध, केस कापणं. माझ्याकडच्या गिऱ्हाइकांवरून धरलं तर एकाला महिन्याला अडीच हजार. तिघांचे साडेसात, वीस महिन्यांचे दीड लाख. हा आकडा त्याच्या शीटमध्ये नव्हताच.

दुसरी ओळ, एका वेताला सहा पिल्लं. एवढ्याशा जातीत तीन-चार पिल्लं झाली तरी समाधान मानायचं. मादी लहान, पिल्लाचं डोकं त्या मानाने मोठं, त्यामुळे सिझेरियनची वेळ येऊ शकते. ते रात्री अडीच वाजता आलं की डॉक्टर शोधा, रिक्षा शोधा. समजा दोन माद्यांची मिळून सहा झाली, एक गेलं. पाच उरली.

तिसरी ओळ, चाळीस हजार भाव. हा भाव दुकानातला, किंवा नाव झालेल्या ब्रीडरचा. नवीन मुलाला डीलर पंधरा-अठराच्या वर देत नाही, कारण पिल्लं वाढत असतात आणि तीन महिन्यांच्या पुढे 'क्यूटनेस' उतरायला लागतो, हे त्याला पक्कं माहीत असतं. पाच गुणिले अठरा, नव्वद हजार.

वीस महिन्यांत बाहेर गेले ३ लाख १० हजार, आत आले ९० हजार. सोन्यावरचं व्याज वेगळं. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, मायक्रोचिप, रजिस्टर, हे अजून धरलेलंच नाही.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण केसीआय पेपर काढले तर भाव येईल ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून इथे लिहूनच ठेवते. केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची नोंद करतो. माल्टीपू ही जातच नाही, संकर आहे. त्याचे केसीआय पेपर निघत नाहीत. कुणी दाखवत असेल तर ते पेपर कशाचे आहेत ते नीट वाचा. तसंच 'टीकप'. टीकप नावाची जात नाही, मुद्दाम लहान काढलेलं किंवा वाढ न झालेलं पिल्लू त्या नावाने विकलं जातं. आणि दोन माल्टीपूंपासून तसाच माल्टीपू येतो असंही नाही. एकाच वेतात एकाचे केस कुरळे, दुसऱ्याचे सरळ, तिसरा वजनाने दीडपट. गिऱ्हाईक फोटो बघून ऑर्डर देतं आणि सहा महिन्यांनी तोच फोटो घेऊन भांडायला येतं.

आता माझी चूक सांगते. लॉकडाऊनच्या काळात सगळे घरात, सगळ्यांना कुत्रा हवा. दुकानात माल येत नव्हता, भाडं सुरू होतं. बाहेरच्या शहरातल्या एका सप्लायरचं पिल्लू कमिशनवर द्यायला लागले. मी फक्त फोन जोडून द्यायचे, पिल्लाला तीन हजार. पाच-सहा पिल्लं गेली, सगळं छान. पुढचं गंगापूर रोडच्या एका आजोबांना दिलं. आजी गेल्यानंतर ते एकटे पडले होते, मुलगी परदेशात, तिनेच पैसे पाठवलेले. पिल्लू "दोन महिन्यांचं, लस झालेली" म्हणून आलं. तोंड उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. दात जेमतेम फुटलेले होते. चौथ्या दिवशी उलट्या, रक्ताची जुलाब, पार्व्हो. दोन दिवस सलाईन लावलं, मग गेलं.

आजोबा दुकानात आले आणि पट्टा, वाटी, उरलेलं खाद्य काउंटरवर ठेवलं. "हे कुणाला तरी द्या," एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी कमिशन परत केलं. सप्लायरने फोन उचलणं बंद केलं, त्याच्याकडून एक रुपया आला नाही. मी पावती घेतलेली नव्हती, त्याची नोंदणी आहे का हेही विचारलं नव्हतं. बीबीएला सप्लायर व्हेरिफिकेशनवर मी पानभर उत्तर लिहिलेलं, बरं का!

त्या दिवसापासून मी पिल्लू विकत नाही, जोडूनही देत नाही. पण लोक विचारायला येतात. त्यांना काय सांगते ते तुम्हीही शिकून घ्या, कारण पेट्सचा धंदा कराल तर हेच ज्ञान विकलं जाईल.

पिल्लू फोटोवर ठरवू नका, जागेवर जाऊन आईसकट बघा. आई दाखवत नसेल तर परत या. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे दात आलेले असतात, अगदी छोट्या जातीत थोडे मागेपुढे. हिरड्या गुलाबी हव्यात. पोट ढोलासारखं फुगलेलं असेल तर जंतांची शंका घ्या. शेपटी उचलून बघा, मागची बाजू चिकट, घाण असेल तर जुलाब सुरू आहेत. जमिनीवर सोडा आणि चालू द्या. लहान जातींत मागच्या पायाची गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास असतो, मोठं झाल्यावर मधूनच एक पाय उचलून उड्या मारत चालतात. आईबापाचे पाय तपासले आहेत का, हे विचारा. "याला ॲलर्जी होत नाही" असं विकणारा म्हणाला तर हसा. केस कमी गळतात हे खरं. पण ॲलर्जी लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांनी होते, आणि तो कोंडा प्रत्येक कुत्र्याला असतो. घरात कुणाला दमा असेल तर आधी तशा कुत्र्याजवळ दोन-तीन वेळा बसून बघा, मग पैसे द्या.

घरी आणल्यावर पहिला महिना खरा. एवढ्याशा जिवाची साखर पटकन उतरते. दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावं लागतं, आणि पिल्लू गळून गेलं, थरथरायला लागलं तर हिरड्यांना मध लावून ताबडतोब डॉक्टरकडे. लसींचा कोर्स सोळा आठवड्यांपर्यंत चालतो, रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर. तोपर्यंत सोसायटीच्या बागेत मिरवायला न्यायचं नाही. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. ज्या घरात पिल्लू गेलं तिथे लगेच दुसरं आणू नका, हे मी हात जोडून सांगते. चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा-लसूण बंद. नाशिककरांनो, द्राक्षं खास लक्षात ठेवा, आपल्याकडे पेटीच घरात पडलेली असते. गळ्यात पट्टा नको, हार्नेस घ्या, श्वासनलिका नाजूक असते.

आणि केस. इथे लोक शंभर टक्के फसतात. कुरळे केस गळत नाहीत म्हणजे ते तिथेच अडकून गुंता होतो. रोज ब्रश नाही केला तर कानामागे, काखेत, पायांच्या मध्ये गाठी होतात. वरून कापूस दिसतो आणि आत चामडी ओढली जात असते. पावसाळ्यात ओल राहिली की खाज, वास. मग माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, "केस छोटे करू नका हं मॅडम." सगळं काढावंच लागतं. कुत्रा मोकळा होतो आणि मालक रडतात.

आता धंदा बघा. पिल्लू एकदाच विकलं जातं. तो कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो आणि दर पाच-सहा आठवड्यांनी त्याला केस कापायला यावंच लागतं. माझा दर बाराशे रुपये. खाद्यात फारसं सुटत नाही, ऑनलाइनवाले मारतात. पण अंघोळ ऑनलाइन घालता येत नाही. चाळीस नेहमीचे कुत्रे धरले की दुकानाचं भाडं आणि एका मुलीचा पगार निघून वर उरतं. माझा पहिला सेट, टेबल सेकंड हॅण्ड धरून, ६५ हजारांत झाला. क्लिपर, ब्लोअर, टब, कात्र्या, ब्रश. सोनं गहाण न ठेवता होतं.

"ताई, पण मी नाही केलं तर दुसरा कुणी करणारच," असं मला ऐकवणारे भेटतात. करू दे. नोंदणी केलेले, मादीला विश्रांती देणारे, पिल्लू परत घेणारे ब्रीडर आहेत, मी स्वतः गिऱ्हाइकांना दोघांकडे पाठवते. पण ते वीस-वीस वर्षं त्यात आहेत आणि त्यांचं पोट दुसऱ्या उत्पन्नावर आहे. त्यांच्याशी तुमची स्पर्धा नाहीच. तुमची स्पर्धा होते कोपऱ्यावर टोपलीत पिल्लं घेऊन बसणाऱ्याशी, आणि त्या भावात उतरायचं तर लस वाचवावी लागते, खाणं वाचवावं लागतं. तिथे तुम्ही चांगले राहूच शकत नाही. आणि ग्रूमिंगला वर्ष-दीड वर्षाचे सोडून दिलेले 'फ्लफी'सुद्धा येतात, कुणीतरी भल्या माणसाने उचलून आणलेले. पिल्लू घ्यायला आलेल्यांना मी आधी त्यांचेच फोटो दाखवते. काही जण घेतातही.

तो सिडकोचा मुलगा सध्या शनिवार-रविवार माझ्याकडे येतो, शिकायला. सोनं अजून आईच्या कपाटात आहे. त्याने ब्रीडिंगचा नाद पूर्ण सोडलाय असं मी म्हणणार नाही, ती एक्सेल अजून मोबाईलमध्ये आहे, मी बघितलीय. गेल्या रविवारी एका शित्झूचं नख जरा जास्त आत कापलं गेलं. रक्त आलं, कुत्रा केकाटला आणि याचा चेहरा पांढरा फटक. पावडर दाबून धरायला लावली, दोन मिनिटांत थांबलं. मालकीणबाईंना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी याच मुलाकडे द्या.