गोधडीचा टाका आणि विमानाचा पंख

‘तेजस’ या आपल्या लढाऊ विमानाच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के भाग धातूचा नाही. कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी राळ यांच्या संमिश्राचा, म्हणजे कॉम्पोझिटचा तो आहे. पोलादाहून हलके आणि तरीही बळकट असे हे साहित्य घडविण्यात बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचा मोठा वाटा आहे.

परंतु या बलवान साहित्यालाही एक मर्मस्थान आहे. तंतूंचे थर एकावर एक रचून ते राळेने सांधलेले असतात. तंतूंच्या दिशेने ताण आला तर ते प्रचंड भार पेलतात. मात्र दोन थरांच्या मध्ये आधार केवळ राळेचा. तेथे आघात झाला की थर आतून सुटू लागतात आणि वरून काही दिसतही नाही. आपल्या घरची गोधडी टिकते ती आरपार घातलेल्या टाक्यांमुळे. विमानाच्या पंखाला असा टाका कशाने घालायचा?

याचे उत्तर नॅनोविज्ञानाने पुढे आणले आहे. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनलिकांकडे जगाचे लक्ष वेधले. केसाहून हजारो पट बारीक असलेल्या या नलिका राळेत अत्यल्प प्रमाणात मिसळल्या, तर पडू पाहणारी भेग त्या दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये तर थरांच्या मध्ये उभ्या नलिकांचे दाट रान ठेवून थर अक्षरशः शिवण्यात आले. अडचण एवढीच की, या नलिका एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि राळही घट्ट होते. मग बळ देण्याऐवजी ती गुठळीच भेगेचे मूळ ठरते. म्हणून खरे कौशल्य नलिका बनविण्याइतकेच त्या समप्रमाणात पसरविण्यात आहे.

२००६ मध्ये ड्रेस्डेन येथील पीटर पॉफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनलिका आढळल्या. या तलवारींचे ‘वुट्झ’ पोलाद जात असे ते भारतातून! ही वार्ता ऐकून आपली मान ताठ होणे स्वाभाविक आहे. पण आपल्या लोहारांना नॅनोनलिका ठाऊक होत्या, असे म्हणणे त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव नव्हे. त्यांची विद्या हाताची आणि अनुभवाची होती. ती लिहिली गेली नाही आणि पुढे लोपली. त्याच वुट्झचे रहस्य उकलण्यासाठी मायकेल फॅराडे इंग्लंडमध्ये १८१९ च्या सुमारास प्रयोग करीत होता, आणि इकडे आपल्या भट्ट्या विझत चालल्या होत्या. या इतिहासातून आपण अभिमान घ्यायचा की धडा?

मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. ‘तेजस’च्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर तेथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत यावे लागले. त्यांनी ते काम मायदेशी पूर्ण केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमान आकाशात झेपावले. तरीही उच्च दर्जाच्या कार्बन तंतूंसाठी आपण दीर्घकाळ परक्यांच्या दारी उभे राहिलो. नॅनोसाहित्याच्या बाबतीत तीच पुनरावृत्ती होऊ द्यायची काय?

बुद्धीची वाण आपल्याकडे नाही. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने कापरासारख्या वनस्पतिजन्य द्रव्यापासून कार्बनचे नॅनोपदार्थ बनविले. २००७ मध्ये केंद्राने एक हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन हाती घेतले. उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि कारखाना यांना जोडणाऱ्या दुव्याची. शोधनिबंध प्रसिद्ध झाला की काम संपले, ही वृत्ती सुटली पाहिजे. शंभर वेळा बनविले तरी शंभरही वेळा सारखेच उतरणारे साहित्य, त्याची वर्षानुवर्षे चाललेली कसोटी आणि त्यासाठी धीर धरणारा उद्योजक, हे तिन्ही हवेत. आपल्या घरातील हुशार मुलांनीही केवळ संगणकाच्या पडद्याकडे न पाहता पदार्थविज्ञानाकडे वळले पाहिजे.

पूर्वजांनी पोलाद घडविले, ते जगाने नावाजले. त्यांचे वारस म्हणवून घ्यायचे, तर आपली भट्टी पुन्हा पेटविणे हेच आपले कर्तव्य आहे.