गेन ही आवाजाची चावी नव्हे

गाडीची डिक्की उघडी आहे. बारा इंची नवा सबवूफर बॉक्समध्ये बसलाय, ॲम्प्लिफायरचा दिवा लागलाय आणि फिटर बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत वाकलाय. गाणं सुरू होतं आणि ‘गेन’ लिहिलेली चावी उजवीकडे फिरू लागते. नंबरप्लेट थरथरली, मालकाचा चेहरा खुलला, की चावी तिथेच सोडून काम संपतं. कार ॲक्सेसरीजच्या कितीतरी दुकानांसमोर रोज संध्याकाळी हेच दिसतं. पुढे काही महिन्यांत त्याच डिक्कीतून जळक्या व्हार्निशचा वास येतो, आवाज फाटतो आणि एक दिवस सबवूफर मुका होतो. खापर कंपनीवर फुटतं. खरं तर बिघाडाची सुरुवात बहुतेकदा त्या चावीपाशी, आणि त्याआधी जोडी न पाहता केलेल्या खरेदीपाशी झालेली असते.

हे काम कानाने नव्हे, मीटरने व्हायला हवं. सबवूफर बसवून देणाऱ्या प्रत्येक दुकानाने ते फिटिंगचाच भाग मानावं आणि गिऱ्हाइकाने ते मागून घ्यावं.

पहिली फसगत खोक्यावर होते. मोठ्या अक्षरांत १३०० वॅट आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ३५० वॅट, अशी छपाई सर्रास आढळते. मोठा आकडा म्हणजे क्षणभराचा झटका. लहान आकडा म्हणजे आरएमएस, सबवूफर तासन्‌तास न जळता पेलू शकतो ती ताकद. जोडी जुळवायची ती याच आकड्यावर, आणि ॲम्प्लिफायरचाही आरएमएसच पाहायचा.

लेबलाचा घोळ उलट्या बाजूनेही झालेला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार ऑडिओच्या स्पर्धा जोरात होत्या आणि ॲम्प्लिफायरच्या छापील वॅटवरून स्पर्धकांचे गट ठरत. त्यातून ‘ओरायन २२५ एचसीसीए’सारखी यंत्रं गाजली. कागदावर ती दर चॅनेलला अवघ्या २५ वॅटची, पण कमी ओहमच्या स्पीकरला जोडली की कित्येक पट ताकद देणारी. अशा ॲम्प्लिफायरना तिकडे ‘चीटर ॲम्प’ म्हणत. पुढे २००३ मध्ये सीईए-२००६ हे मोजणीचं मानक आलं. १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती, अशी अट घालून वॅट मोजायचे. आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. ते ऐच्छिक आहे, म्हणून खोक्यावर त्याचा उल्लेख असेल तर तो आकडा अधिक भरवशाचा.

मग येतो ओहमचा हिशेब. समजा सबवूफर ५०० वॅट आरएमएसचा आहे आणि त्यात ४ ओहमच्या दोन कॉइल आहेत. दोन्ही समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकीपुढे एक जोडल्या तर ८. ॲम्प्लिफायर ४ ओहमला ३०० आणि २ ओहमला ५०० वॅट देणारा असेल, तर समांतर जोडणीत जोडी तंतोतंत जमते. तोच सबवूफर ८ ओहमला जोडला तर त्याला जेमतेम १५० वॅट मिळतील आणि मालक म्हणेल, ‘बेसच नाही!’ याउलट दुकानातून चुकून २ ओहमच्या दुहेरी कॉइलचा सबवूफर आला आणि समांतर जोडला, तर भार १ ओहमवर उतरतो. दोन ओहमपर्यंतच चालणारा ॲम्प्लिफायर मग तापतो, लाल दिवा लावून बंद पडतो, कधी कायमचा. हे गणित पाठ्यपुस्तकातल्या ओहमच्या नियमाचंच आहे. ते खरेदीआधी करायचं, वायर सोलल्यावर नव्हे.

आता ती चावी. स्टिरिओकडून येणारा सिग्नल कुठे २ व्होल्टचा असतो, कुठे ४ चा. तो कितीही असो, त्याला ॲम्प्लिफायरच्या ताकदीशी जुळवून घेणं एवढंच गेनचं काम. स्टिरिओच्या सिग्नलला लागतो त्याहून गेन जास्त फिरवला, की ॲम्प्लिफायर आपल्या कमाल मर्यादेवर आदळतो आणि लहरीचे गोल माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीपेक्षा दुप्पट ताकद वाहून नेते. ती कॉइलमध्ये उष्णता होऊन साठते, तारेवरचं व्हार्निश वितळतं. ‘लहान ॲम्प लावला म्हणून स्पीकर जळला’ असं दुकानांत नेहमी ऐकू येतं. लहान ॲम्प्लिफायर नीट जुळवला तर स्पीकर जाळत नाही. त्याच्याकडून मोठ्याचा आवाज काढायच्या हट्टाने तो जळतो.

मीटरची पद्धत दहा-पंधरा मिनिटांची आहे. लक्ष्य व्होल्टेज काढायला वॅटला ओहमने गुणायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. ५०० गुणिले २ म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. मग सबवूफरच्या वायरी ॲम्प्लिफायरवरून सोडवायच्या, गेन शून्यावर आणायचा. बेस बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर बंद ठेवायचे. रिमोटची बेसची चावी असेल तर ती पूर्ण उघडायची, म्हणजे पुढे कुणी ती फिरवली तरी मर्यादा ओलांडली जात नाही. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर नेऊन ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा सूर लावायचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला टेकवायचा आणि गेन सावकाश वाढवत ३१ व्होल्टच्या आसपास थांबायचं. घरातली वीजही ५० हर्ट्झचीच असल्याने साधा मीटरसुद्धा हा सूर नीट मोजतो. लहर कापली जातेय का, हे मात्र मीटरला दिसत नाही; त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. मोठ्या दुकानाने तो ठेवायला हरकत नसावी. शेवटी सूर बंद करून सबवूफर जोडायचा, लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवायचा आणि त्यानंतर चावीला हात लावायचा नाही.

कंपनीचा मूळ स्टिरिओ ठेवून सबवूफर बसवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असे बरेच स्टिरिओ आवाज वाढला की बेस आपणहून कमी करतात. तो भरून काढायला गेन वाढवणं हा उपाय नव्हे.

वायरिंगची हयगय तर गाडीवरच बेतू शकते. ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॅटचा क्लास-डी ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर १३.८ व्होल्टला सुमारे ४५ अँपिअर ओढतो. त्याला जाड तांब्याची वायर हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीत कमी प्रवाह पेलते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. बोनेटखाली कुठे पत्र्याने इन्सुलेशन कापलं, तर आग लागण्याआधी त्यानेच उडायचं असतं. मागे ॲम्प्लिफायरजवळ फ्यूज बसवून भागतं असं मानणारे डिक्कीपर्यंतची सगळी वायर उघड्यावर सोडतात.

जास्त वॅटचा मोहही तपासून पाहावा. ५०० चे १००० वॅट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट ताकद लागते. दुसरीकडे, ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून जास्त राहणं कानांना धोक्याचं मानलं जातं आणि दर ३ डेसिबलमागे ती वेळ निम्मी होते. गाडीच्या बंद केबिनमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

म्हणून दुकानाच्या बिलावर चार ओळी वाढवायला हव्यात: सबवूफरचा आरएमएस, जोडणीचे ओहम, गेन लावताना मीटरने दाखवलेले व्होल्ट आणि बॅटरीजवळच्या फ्यूजचे अँपिअर. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. पुढे सबवूफर जळला तर वॉरंटीचा वाद त्या चार आकड्यांवरून सुटेल. गिऱ्हाईक, फिटर आणि कंपनी यांच्यापैकी कुणाचं चुकलं हे मग अंदाजाने ठरवावं लागणार नाही.