कढईपाशी कोण उभं आहे?

रमजानमध्ये असरची नमाज झाली की आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मोहल्ल्यांतून तळणाचा वास येऊ लागतो. भजी आणि समोसे पूर्वीपासून होतेच. आता मुलांना बाहेर मिळतं तसं कुरकुरीत चिकनही हवं असतं. मुलांच्या हट्टाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. दिवसभराचा रोजा धरून त्या उकळत्या तेलापाशी कोण उभं असतं? घरातली बाई, नाहीतर शाळेतून आलेली मुलगी. अजान होते, सगळे खजूर तोंडात घालतात, आणि ती शेवटचा घाणा काढत असते.

मी शिक्षक आहे, त्यामुळे मला यात आणखी एक गोष्ट दिसते. 2025 मध्ये दहावीची परीक्षा चालू असतानाच रमजान सुरू झाला. उद्याच्या पेपरची उजळणी सोडून तळणाला उभी राहते ती मुलगीच. तिचा भाऊ नव्हे.

म्हणून माझं म्हणणं आहे की हे चिकन तळू नये, ओव्हनमध्ये भाजावं. मी ते असं करतो. अर्धा किलो बोनलेस चिकनला दही, आलं-लसूण, तिखट, मीठ आणि आपली वसमतची हळद लावून तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं. शिळा पाव वाळवून त्याचा भरड चुरा करायचा. बेकरीचा गोड टोस्ट वापरू नये, तो लवकर करपतो. हा चुरा दोन चमचे तेलावर तव्यात बदामी होईपर्यंत परतून घ्यायचा. भाजलेलं चिकन पांढरट आणि मऊ राहतं अशी तक्रार असते, ती बहुतेक वेळा चुरा न परतल्यामुळेच. मग तुकडे मैद्यात, फेटलेल्या अंड्यात आणि शेवटी चुऱ्यात घोळवायचे. ट्रेवर जाळी ठेवून त्यावर ते मांडायचे, म्हणजे खालची बाजू वाफेने ओली होत नाही. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर 20 ते 25 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. सर्वात जाड तुकडा कापून बघावा, आत गुलाबी दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान 74 अंश हवं.

तळलेल्याची चव वेगळीच, असं कुणी म्हणेल. मान्य. पण कढईत उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तापतं, त्याचं काय? वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक वाढत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून त्यासाठी 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. दुकानदाराच्या तेलाची तपासणी होऊ शकते. आपल्या घरच्या कढईची कोण करणार?

ओव्हन सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. शिवाय ऐन मगरिबला वीज गेली तर साध्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही. अशा वेळी जाड कढईत मिठाचा थर तापवावा, त्यावर स्टँड ठेवून ताटलीत तुकडे मांडावेत आणि घट्ट झाकण लावावं. वेळ जास्त लागतो, कुरकुरीतपणा थोडा कमी येतो, पण काम भागतं.

यात मोठा फायदा वेळेचा आहे. तळणाला माणूस सतत उभा लागतो. ट्रे एकदा आत गेला की अजानच्या वेळी घरातलं प्रत्येक माणूस दस्तरख्वानावर बसू शकतं, दुआही निवांत मागू शकतं.

फक्त ट्रे लावण्याचं कामही पुन्हा तिच्याच अंगावर टाकू नका. हजरत आयशांनी सांगून ठेवलं आहे की पैगंबर साहेब घरकामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. सुन्नत म्हणून दाढी राखणाऱ्या, खजुराने रोजा सोडणाऱ्या आपल्या भावांनी ही सुन्नतही आठवावी. चिकन कापून आणणं, चुरा करणं, ट्रे लावणं हे घरातल्या पुरुषांनी करावं. मुलीला तेवढा तासभर पुस्तक घेऊन बसू द्यावं.