हरळीचा चहा आणि सासूबाईंच्या गोळ्या

महाडहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्यांच्या सासूबाई रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला असतात. वय पासष्टच्या पुढे, साखरेचा त्रास आठ-नऊ वर्षांचा. मोबाईलवर आलेलं काहीतरी वाचून थोरल्या दिरांनी त्यांना सांगितलं, की हरळीचा चहा घेतला की साखर उतरते. झालं! गेले दोन महिने सासूबाई रोज सकाळी बांधावरची मूठभर हरळी उकळून पितात, 'हलकं वाटतं गो' म्हणतात, आणि साखरेच्या गोळ्या फडताळात तशाच पडून आहेत. सूनबाई विचारतात, या चहात खरंच काही गुण आहे का? आणि असला-नसला तरी सासूबाईंना न दुखवता सांगायचं काय?

आधी गवताचं बोलू. हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वाच. देवाला एकवीस-एकवीसच्या जुड्या वाहायच्या आणि शेतात दिसली की शिव्या घालायच्या, असं बिचारीचं नशीब. जमिनीसरशी धावते, पेऱ्यापेऱ्याला मूळ धरते, उपटली तरी एखादं पेर मागे राहतंच. आयुर्वेदात ती थंड गुणाची मानली आहे. घोळणा फुटला, अंगावरून जास्त जाऊ लागलं, लघवीला आग झाली की दूर्वांचा रस देण्याची चाल जुनी आहे. म्हणजे आपल्याकडे मान रसाला. उकळून चहासारखी पिण्याचं गवत म्हणाल तर कोकणात ते गवती चहाचं. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं त्याचं बेट परसात असतंच. पावसात एक पात तोडून, गाठ मारून आधणात टाकली की घरभर वास. परदेशात मात्र गवताच्या काढ्याची चाल आहे. जर्मनीत हरळीसारख्याच धावत्या मुळांच्या एका गवताची सुकी मुळं औषधाच्या दुकानात मिळतात, लघवीच्या तक्रारीवर. पण ते गवत वेगळं, आपली हरळी नव्हे.

आता साखरेचं. दूर्वांच्या अर्काने उंदरांची साखर उतरलेली प्रयोगांत दिसली आहे, ही गोष्ट खरी. मोबाईलवर फिरतं ते तिथूनच आलेलं. पण प्रयोगातला अर्क आटवून घट्ट केलेला, मोजून दिलेला असतो. आपल्या पातेल्यात मूठभर गवत आणि दोन कप पाणी. गोळीच्या जागी हा चहा चालतो, असं माणसांवर कुणी दाखवलेलं नाही.

मग सासूबाईंना हलकं का वाटतं? मला वाटतं, त्याचं उत्तर साखरेच्या डब्यात आहे. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोजचे आठ चमचे. महिन्याला जवळजवळ एक किलो! हरळीचा चहा बिनसाखरेचा प्यायला लागल्यावर त्यातले दोन कप जरी सुटले, तरी अर्धा किलो साखर पोटात गेली नाही. तेव्हा चहाला नावं ठेवण्याचं कारण नाही. गुण आहे, तो न घातलेल्या साखरेचा.

मला काळजी वाटते ती बांधाची. पाचाड म्हटलं की मोकळी हवा, जिजाऊसाहेबांचं गाव. गडावरचा गार वारा त्यांना मानवेना म्हणून महाराजांनी खाली पाचाडला वाडा बांधला, असं सांगतात. १६७४ साली, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, त्यांनी देह ठेवला तोही इथेच. अशा गावच्या गवतात खोट काय असणार, असं आपल्याला वाटतं. पण पूर्वी बांध विळ्याने तासत. आता मजूर मिळत नाहीत, मुलं मुंबईला, मग खांद्यावरचा पंप घेऊन तणनाशक मारतात. आणि ज्या तणांवर ते हमखास मारतात त्यांत हरळी पहिली. यात एक मेख आहे, ती शहरातल्या बायकांना ठाऊक नसते. ग्लायफोसेटसारखं औषध पानातून आत शिरून मुळापर्यंत उतरतं, आणि गवत पिवळं पडायला आठवडा, कधी त्याहून जास्त दिवस लागतात. तोवर फवारलेली हरळी हिरवीगारच दिसते! आत शिरलेलं औषध तीन पाण्यांनी धुतलं तरी जात नाही, उकळूनही जात नाही. आपल्या बांधावर आपण काही मारलं नसलं तरी शेजारच्या भाऊबंदाने काय मारलं ते कुठे माहीत असतं? रस्त्याकडेची हरळी तर नकोच. तिथे गाड्यांचा धूर आणि कुत्री.

त्यापेक्षा घरी लावा. जुनं घमेलं किंवा पसरट कुंडी घ्या, तळाला भोकं पाडा. खात्रीच्या जागेची तीन-चार पेरांची एक धावती काडी मातीत आडवी दाबा, ऊन आणि पाणी द्या. ती इतकी जोमाने वाढेल की गुलाबाच्या कुंडीजवळ मात्र ठेवू नका. भाद्रपदात दूर्वाही घरच्या होतील.

ओळखताना एक फसगत होते. रान-नाचणीच्या तुऱ्यालाही हरळीसारखी बोटं असतात. पण ती ठोंब धरून वाढते, बुडाशी चपटी आणि पांढरट असते, बोटंही जाडसर. हरळी जमिनीवर पसरते, तिची पानं आखूड आणि तुऱ्याची बोटं बारीक, एकाच टोकातून फुटलेली.

चहा करायचा तर कोवळे शेंडे मूठभर घ्यावेत, नीट धुवावेत. दोन कप पाण्याला उकळी आली की शेंडे आणि आल्याचा तुकडा टाकून झाकण ठेवावं, मंद आचेवर पाच मिनिटं. फडक्यातून गाळावं. नुसत्या हरळीला ओल्या गवताचाच वास येतो, म्हणून मी गवती चहाची बोटभर पात घालते आणि वरून लिंबू पिळते. दूध नको. दिवसाला एक-दोन कप पुरेत. दिवस गेलेल्या मुलींनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा परिपाठ करू नये.

राहिल्या सासूबाई. सूनबाई, 'तो चहा बंद करा' असं म्हणूच नका. म्हटलंत की चहा चोरून होईल आणि गोळ्यांचं नाव निघणार नाही. वाढलेली साखर दुखत नाही, ओरडत नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, सारखी तहान, पायाला लागलेलं लवकर न भरणं, एवढ्यावरूनच कळते. त्या अनवाणी शेतात जात असतील तर रोज रात्री त्यांचे तळवे तुम्ही स्वतः पाहा. साखर जुनी झाली की पायाची जाणीव कमी होते आणि काटा मोडलेला त्यांना कळणारही नाही.

त्यांना म्हणावं, 'आत्या, चहाचा गुण आलाय का ते बघूया तरी.' पाचाडहून महाड पंचवीसेक किलोमीटर, सकाळच्या गाडीने आणा. उपाशीपोटी एकदा, जेवणानंतर दोन तासांनी एकदा, आणि त्याच रक्तातून तीन महिन्यांची सरासरी साखर, एवढं तपासून घ्या. कागद हाती आला की वाद तुमचा आणि त्यांचा राहत नाही. मात्र आधी टाकलेल्या गोळ्या आपल्या मनाने एकदम पूर्ववत सुरू करू नका. दोन महिने बंद होत्या, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, हरळीचा चहा चालू आहे हेही सांगा आणि ते ठरवतील त्या मापाने घ्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर घाम फुटला, हातपाय थरथरले, भोवळ आली तर साखर फार उतरली असं समजून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि नंतर खायला द्यावं.

आणि तपासणीच्या दिवशी रक्त देईपर्यंत हरळीचासुद्धा चहा नको. थर्मासमध्ये भरून बरोबर न्या, दवाखान्याबाहेर आल्यावर प्यायला होईल.